कारण वेगळं, दोष वेगळा

मंडळी, विट्याला एका कार्यक्रमात पेशींविषयी बोलून झालं आणि ‘आता विचारा’ म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, “सर, मी कधी कुणाचं वाईट केलं नाही. मग हा कॅन्सर मलाच का झाला?” आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला मी, पण तिथं उभ्याउभ्या मला धड उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. आजाराचं कारण काय, हा एक. दोष कुणाचा, हा दुसरा.

आधी कारण. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते. नकलेत चुका होतात आणि बहुतेक दुरुस्तही होतात. पण पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांमध्ये, एकाच पेशीत, वर्षानुवर्षं अशा चुका साठत गेल्या, तर ती पेशी थांबेनाशी होते. म्हणून हा आजार उतारवयात जास्त दिसतो. काही चुका तंबाखूमुळे वाढतात, काही निव्वळ योगायोगानं होतात.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, “आमची आजी नव्वदीपर्यंत मशेरी लावायची, तिला कुठं काय झालं?” आपल्या न्यायदर्शनात कार्याच्या आधी नेमानं असतं ते कारण मानलं आहे. इथं तसा नेम नाही, तंबाखू धोका वाढवते. खंबाटकी घाटात रात्री दिवे न लावता उतरणारी प्रत्येक गाडी काही दरीत जात नाही. म्हणून दिवे न लावणं हे अपघाताचं कारणच नाही, असं म्हणाल का?

आता दोष. १९४५ साली मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी एका सहकाऱ्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. धोतर वर्षानुवर्षं जिथं करकचून बांधलं जातं, त्या कमरेच्या पट्ट्यात होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी त्यात नोंदवला. पुढं साडी बांधणाऱ्या बायकांमध्येही तसाच आजार आढळला. आता सांगा, धोतर नेसण्यात पाप कोणतं? कारण स्पष्ट आहे, दोष कुणाचाच नाही. आणि कारण कळलं म्हणून उपायही कळला: गाठ सैल बांधा, कमरेवरची जखम भरत नसेल तर दाखवा.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर दोषाची भाषा जीव घेते. त्याचं मुख्य कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. तो शरीरसंबंधातून पसरतो, एवढं ऐकलं की बायका गप्प होतात. पण हा विषाणू इतका सर्रास आहे की संसारी माणसांपैकी बहुतेकांना तो कधीतरी होऊन जातो आणि शरीर त्याला परतवतंही. थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो. यात चारित्र्याचा प्रश्नच नाही.

बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटासाठी एचपीव्हीची तपासणी एकदाच ठेवली होती, त्यात या कर्करोगानं होणारे मृत्यू, तपासणीची मोहीम नसलेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्मे झाले. ‘तुमचं काय चुकलं’ असं कुणी विचारलं नाही. विषाणू आहे का, एवढंच पाहिलं आणि गरज होती तिथं उपचार केले.

तेव्हा विट्याच्या त्या बाईंना माझं उत्तर असं: बाई, तुमच्या आजाराला कारणं असतील. काही डॉक्टरांना सापडतील, काही कधीच सापडणार नाहीत. पण ही शिक्षा नव्हे.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर लपवू नका. घरात आधी सुनेला सांगा, मुलाला सांगा, कुणालाही सांगा. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.