हवा बघितली का? ट्रॅक्टरच्या पंक्चरविषयीचे काही समज

कुंभकोणमहून चेन्नईकडे जाणारा रस्ता तिरुप्पनंदाळ गावातून पुढे अणैक्करैला कोळ्ळिडम नदीवर पोहोचतो. सर आर्थर कॉटन यांनी 1836 मध्ये उभारलेला खालचा बंधारा तिथेच आहे. काशी मठ आणि अरुणजडेश्वराचं देऊळ ही तिरुप्पनंदाळची ओळख, पण गावाबाहेर पडलं की चहूकडे कावेरीच्या पाण्यावरची भातशेती दिसते. मेट्टूर धरणाचं पाणी प्रथेप्रमाणे 12 जूनला सुटतं, भाताच्या कुरुवै हंगामाची चिखलणी सुरू होते आणि ट्रॅक्टरला उसंत राहत नाही. अशा वेळी एक चाक बसलं की त्या शेतकऱ्याबरोबर त्याच्यामागे पाळी लावून थांबलेल्या सगळ्यांचं काम अडतं. कोकणातल्या लावणीत आणि भंडारा-गोंदियाच्या रोवणीत काही वेगळं घडत नाही.

पंक्चर म्हणजे नशिबाचा भाग, असं धरून चालायची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग टाळता येतो. आडवं येतं ते एवढंच, की टायरविषयीचं आपलं ज्ञान मोटारसायकल आणि ट्रक यांच्याकडून आलेलं असतं. ट्रॅक्टरचं मागचं चाक सावकाश फिरतं, जड ओझं वाहतं आणि तरीही फार कमी दाबावर चालतं. त्याचे नियम वेगळे आहेत.

सर्वांत पक्का समज असा, की टायर दगडासारखा टणक ठेवला म्हणजे काटा आत शिरत नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. ताणलेलं रबर दबत नाही, त्यामुळे टोकदार वस्तूचा सगळा जोर एका बिंदूवर येतो. शिवाय जमिनीला टेकणारा भाग लहान होतो, चाक जागच्या जागी घसरतं आणि टायरचे गट्टे लवकर झिजतात. शेतकामासाठी मागच्या चाकात साधारण 12 ते 16 पौंड हवा पुरते. पुढच्या लहान चाकांना त्याहून जास्त लागते. नेमका आकडा टायरच्या मापावर आणि ओझ्यावर ठरतो आणि तो ट्रॅक्टरसोबत आलेल्या पुस्तिकेत असतो. रस्त्यावर ट्रॉली ओढताना हवा वाढवावी लागते. शेतात उतरताना ती पुन्हा कमी करायची असते, पण हे दुसरं काम बहुतेक जण विसरतात.

हवा फार कमी असली तरी नुकसान होतंच. टायरच्या बाजू सतत दुमडून आतले नायलॉनचे धागे तुटतात. त्याहून वाईट म्हणजे जोर लावताना रिम फिरते आणि टायर जागेवर राहतो. ट्यूब टायरबरोबर मागे खेचली जाते, तिचा व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. तो मुळापासून फाटतो. मग शेतकरी काटा शोधत बसतो आणि काटा कुठेच सापडत नाही.

हा सगळा हिशेब मोजमापावर उभा आहे आणि आपण कमी पडतो ते नेमके इथे. रस्त्याकडेच्या दुकानातलं हवेचं मीटर बहुधा ट्रकसाठीचं असतं. त्याचे आकडे शंभराच्या पुढे जातात आणि तळाशी काटा जेमतेम हलतो, त्यामुळे 10 आणि 18 पौंडांतला फरक त्यावर खात्रीने कळत नाही. लाथ मारून किंवा हातोडी ठोकून तर मुळीच कळत नाही. कमी दाबाचं छोटं मीटर ही फार महागाची वस्तू नाही. ट्रॅक्टर असलेल्या प्रत्येक घरात ते असावं, आणि सकाळी टायर गार असताना वापरावं.

उन्हात टायर फुटेल म्हणून उन्हाळ्यात हवा काढून ठेवणारे लोक तमिळनाडूत भेटतात, विदर्भातही भेटतात. बंद हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो हे खरं. पण 12 पौंडांच्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी वाढलं तर दाब वाढतो जेमतेम 1 पौंड. टायर तापून निकामी होतो तो प्रामुख्याने कमी हवेवर लांब पल्ला आणि जास्त ओझं ओढल्याने, कारण दुमडणाऱ्या बाजूच उष्णता निर्माण करतात. म्हणजे ज्या भीतीपोटी हवा काढली, तेच संकट आपण जवळ आणतो.

पाणी भरलेला टायर पंक्चर होत नाही, हाही एक समज. पाणी भरतात ते वजनासाठी. व्हॉल्व्ह वर येईल असं चाक उभं करून त्या पातळीपर्यंत पाणी भरलं की टायर साधारण 75 टक्के भरतो आणि उरलेल्या जागेत हवा ठेवावी लागते. ती नसेल तर टायर धक्का सोसू शकत नाही. 13.6-28 मापाच्या टायरमध्ये असं सुमारे दीडशे लिटर पाणी मावतं, म्हणजे एका चाकावर दीडशे किलो जादा भार. कोरड्या जमिनीत नांगर ओढताना याचा उपयोग होतो. काट्याला मात्र पाणी अडवत नाही. गळणाऱ्या पाण्यामुळे भोक लवकर दिसतं एवढंच, आणि तेच पाणी रिमला गंज चढवतं. तिरुप्पनंदाळसारख्या चिखलात तर जादा वजन म्हणजे ट्रॅक्टर रुतवण्याची सोय. तिथे खरा उपाय लोखंडी पिंजऱ्याचं चाक, म्हणजे केज व्हील.

इथे थोडा इतिहास सांगण्यासारखा आहे. 1932 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या मॉडेल यू ट्रॅक्टरला फायरस्टोनचे हवेचे टायर बसवले. तोवर शेतातला ट्रॅक्टर लोखंडी चाकांवरच धावत होता. रबराने वेग दिला, इंधन वाचवलं, चालकाची हाडं वाचवली. भाताच्या चिखलाने मात्र लोखंडाला परत बोलावलं. बहुतेक ठिकाणी हा पिंजरा टायरच्या बाजूला जोडलेला असतो, त्यामुळे आता टायरकडे पाहायला नको असं समजू नये. त्याचा बोल्ट सैल झाला तर तोच टायरची बाजू घासतो. आणि पिंजऱ्यासकट डांबरी रस्त्यावर येणं म्हणजे सगळ्यांच्या पैशाचा रस्ता खरवडणं. ते कुणीही करू नये.

आता दुरुस्ती. एकदा ठिगळ लावलं की पंक्चर संपलं, हा समज मला सर्वांत नुकसानीचा वाटतो. महाराष्ट्रात जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो ती तमिळनाडूतही बांधावर आणि पडीक जागेत माजलेली आहे. तिचा काटा टणक असतो आणि टायरमध्ये शिरला की बाहेरचा भाग मोडून पडतो. आतलं टोक रबरात तसंच राहतं आणि वरून हात फिरवून ते लागत नाही. ट्यूबला ठिगळ लावून चाक जोडलं की तासाभरात तेच टोक शेजारी नवं भोक पाडतं, आणि दोष येतो ठिगळाला. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरची आतली बाजू इंच इंच तपासायला हवी. त्यासाठी जाड कापडाचा बोळा फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे पाहिलं तर टायरमधली जागाही लगेच सापडते.

ठिगळाचं कामही घाईचं नाही. पाण्यात बुडवून बुडबुडे पाहायचे, ती जागा पूर्ण कोरडी करायची, कानशीने खरवडून चकाकी घालवायची, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्यायचा. ओल्या सोल्यूशनवर दाबलेलं ठिगळ पहिल्याच दिवशी सुटतं. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली ट्यूब ठिगळाने टिकत नाही. ती बदलावी. चाक बसलेलं असताना ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणून ट्रॅक्टर हाकणं तर सर्वांत महाग पडतं. रिमखाली ट्यूबच्या चिंध्या होतात आणि अनेकदा टायरही जातो.

टायरमध्ये आधीच भरून ठेवायचं सीलंट म्हणजे खोटी आशा नाही, पण ते सर्वशक्तिमानही नाही. गट्ट्यांच्या बाजूने शिरलेल्या काट्याची बारीक भोकं ते बुजवतं. बाजूची चीर, फाटलेला व्हॉल्व्ह किंवा मोठी फट यांपुढे ते हतबल असतं. नायट्रोजनने पंक्चर टळतं हे तर साफ चूक, कारण साध्या हवेतच सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. ट्यूबलेस टायरचा फायदा खरा आहे. काटा रुतून राहिला तर हवा हळूहळू जाते, त्यामुळे दुकान गाठेपर्यंत तो उपटू नये.

क्रिकेटच्या मैदानांवर आणि गोल्फ कोर्सवर बसून चालवायची गवत कापायची यंत्रं असतात, त्यांची चाकं याच कुळातली. बहुतेकांत 10 ते 14 पौंड हवा असते. एका चाकातली हवा कमी झाली की पात्यांचा सांगाडा तिरका होतो आणि गवत एका बाजूला खोल कापलं जातं. पंक्चरची पहिली खूण हिरवळीवरच दिसते. अशा यंत्रांचे टायर आपल्या देशातही बनतात. मुंबईत मुख्यालय आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला कारखाना असलेली बाळकृष्ण इंडस्ट्रीज शेती आणि बागकामाचे टायर परदेशात पाठवते.

शेवटचा समज जिवावर बेतणारा आहे. टायरची कड रिमवर बसत नसेल तर ‘अजून हवा मार’ असं सर्रास म्हटलं जातं. शेतीच्या टायरची कड बसवताना 35 पौंडांच्या वर जाऊ नये, असा इशारा टायर उत्पादक देतात, आणि गवत कापायच्या यंत्राच्या लहान टायरची मर्यादा अनेकदा त्याहून कमी असते. तेवढ्यात कड बसली नाही तर हवा काढायची, साबणाचं पाणी लावायचं, रिमचा गंज घासायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हवा भरणाऱ्याने लांब नळी वापरून चाकासमोर नव्हे तर बाजूला उभं राहावं. पेट्रोल शिंपडून काडी लावत कड बसवण्याचा प्रकार कुणी करत असेल, तर त्याच्या हातून चाक काढून घ्यावं. त्यात माणसं मेली आहेत.