दोन लाव्ह्यांच्या मधला बेडूक

एसटीने घाटातून जाताना खिडकीची जागा मिळाली, तर तुम्ही काय बघता? धबधबे, माकडं, बोगदे. या खेपेला रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या कडेकडे बघा. काळ्या खडकाचे आडवे थर दिसतील, एकावर एक, पोळ्यांच्या चवडीसारखे. कुठे कुठे दोन काळ्या थरांच्या मध्ये एक तांबडी, विटकरी पट्टी असते. आज आपल्याला त्या मधल्या जागेतच शिरायचं आहे.

काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. आजीचा पाटा-वरवंटा त्याचाच, वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलेलं आणि रस्त्यावरची खडीही तीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रातला टोकदार ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. उतू गेलेल्या दुधासारखा हा लाव्हा पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. असं होता होता सह्याद्रीच्या काही भागांत दोन किलोमीटरहून जाड चवड रचली गेली. कळसूबाईचं १६४६ मीटर उंच शिखर म्हणजेसुद्धा हेच थर.

वर्गात हे सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, मग या दगडात डायनोसॉरची हाडं सापडतात?"

छे! वितळलेल्या, रसरशीत लाव्ह्यात हाड कुठलं टिकायला? म्हणून पुष्कळांना वाटतं, आपला दगड अगदी कोरा, जीवाश्म शोधायचे तर दुसरीकडे जावं. पण लाव्हा काही रोज येत नव्हता, बरं का! एक थर निवाला की पुढचा यायला कधी कधी हजारो वर्षं जायची. तेवढ्यात पाऊस पडे, खडक झिजून माती होई, झाडं उगवत, खोलगट जागी तळी साचत. मग नवा लाव्हा येऊन हे सगळं गाडून टाकी. तांबडी पट्टी म्हणजे त्या मधल्या काळात झिजलेला खडक आणि माती. तळ्यांच्या तळचा गाळही तसाच गाडला गेला.

असा एक गाळाचा थर मुंबईत वरळीच्या टेकडीत होता. काळपट, पापुद्रे सुटणारा खडक. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले, एक-दोन नव्हे, पुष्कळ! रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचं वर्णन छापलं. आज या बेडकाला 'इंडोबॅट्रॅकस' म्हणतात. आणि हे ओवेन कोण? १८४२ साली 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी बनवला, तेच!

आता एवढ्याशा बेडकावरून काय काय कळतं ते पाहा. बेडूक होता म्हणजे पाणी होतं. तेही गोडं, कारण खारं पाणी बेडकांना सहसा मानवत नाही. किडे असणारच, नाहीतर बिचारा खाणार काय? आज वरळीला समुद्र लागून आहे, तेव्हा तिथे गोड्या पाण्याचं तळं होतं. खाली थिजलेला लाव्हा, वर पुढचा लाव्हा यायचा आहे आणि मधल्या काळात काठावर खुशाल डराव डराव चाललंय!

डायनोसॉरच हवेत म्हणता? मग चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा गाव गाठायला हवं. तिथला गाळाचा खडक लाव्ह्याच्या चवडीखालचा. त्यात डायनोसॉरची हाडं मिळाली, शिवाय दगड झालेलं शेणही मिळालं. हसू नका. त्या शेणात शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण सापडले, हे २००५ साली जाहीर झालं. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, असं तोवर बहुतेकांना वाटत होतं.

वरळीच्या टेकडीवर आज इमारती उभ्या आहेत. घरं-रस्ते हवेत तर खडी लागणारच, त्याला माझी ना नाही. पण मधला गाळाचा थर बारीक असतो. सुरुंगाने उडाला की गेलाच. उडवण्याआधी कुणीतरी तो नजरेखालून घातलेला बरा.

ते तुम्हीही करू शकता. खाणीत मात्र जायचं नाही हं! गावात नवी विहीर खणली की बाहेर दगडांचा ढीग पडतो, तो मोठ्या माणसाला बरोबर घेऊन बघा. पापुद्रे सुटणारा दगड आणि त्यावर पान, शंख, हाड असं काही दिसलं तर ते घासू नका, धुऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळा. चिठ्ठीवर गावाचं नाव, तारीख, दगड किती खोल लागला आणि त्याच्यावर काळा खडक किती हात होता ते लिहा. मग गुरुजींना किंवा बाईंना सांगून जिथे भूगर्भशास्त्र शिकवतात अशा कॉलेजात तो दाखवा. चिठ्ठी हरवू देऊ नका, कारण ती नसेल तर दगड कुठल्या थरातला, हे तिथल्या प्राध्यापकांनाही सांगता येणं कठीण.