सुक्कोथ
ज्यूंचा सुगीचा सण. हिब्रू ‘सुक्का’ म्हणजे फांद्यांनी शाकारलेला मांडव; तिश्री महिन्याच्या १५ तारखेपासून सात दिवस त्यात राहावयाचे असते. ग्रीक ‘स्केनोपेगिया’, जर्मन ‘लाउबह्यूटनफेस्ट’ आणि मराठी बायबलमधील ‘मंडपांचा सण’ ही नावे मांडवावरूनच पडली. हिब्रूतील दुसरे नाव ‘हाग हाआसिफ’ (पीक गोळा करण्याचा सण) हे होय. कोकणातील बेने इस्राएलांपाशी धर्मग्रंथ उरले नव्हते. तरी तिश्रीच्या चौथ्या दिवशी ते ‘खिरीचा सण’ पाळीत. नव्या धान्याची, नारळाच्या रसातील गोड खीर शिजवून तिच्याजवळ धूप जाळीत. तिथी निराळी असली, तरी नवे धान्य पाहता हा सुगीच्या सणाचाच अवशेष असावा. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनॅगॉग झाले. पुढे हिब्रू पंचांगाप्रमाणे मांडवही उभे राहू लागले.