कायद्याचे भय आणि रोगाचा प्रसार

कोलकात्यातील बालीगंजच्या उत्तरेस पार्क सर्कसचे मैदान आहे. २ जुलै १९९९ रोजी तेथून अवघी पंधरा माणसे पायी निघाली. समलिंगी व्यक्तींनाही समाजात उजळ माथ्याने वावरता यावे, हे या मैत्रीयात्रेचे मागणे होते. त्यांच्यावर ज्या कायद्याचे सावट होते, तो याच शहरात जन्मला होता. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली येथे दंडविधानाचा मसुदा सादर केला व १८६० साली ते संमत झाले. त्याच्या ३७७व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. उभयतांची संमती असली, तरी तीतून सुटका नव्हती.

या कलमाचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ साली आढळला. निरोधाचा वापर, वेळेवर रक्ततपासणी आणि नियमित औषधोपचार हे त्यास आवरण्याचे उपाय होत. परंतु त्यांसाठी रोग्याने आपली खरी हकीकत कोणापाशी तरी सांगावी लागते. ती सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरू लागली, की तो दवाखान्याची पायरी चढत नाही. संसर्ग मात्र त्याच्या जोडीदारापर्यंत, विवाहित असल्यास पत्नीपर्यंतही पोहोचतो. जुलै २००१ मध्ये लखनौस तर या लोकांत आरोग्यप्रसार करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक झाली आणि त्यांच्यावर हेच कलम लावण्यात आले.

पुढे दिल्ली उच्च न्यायालयात एक विलक्षण प्रसंग घडला. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी परस्परविरोधी प्रतिज्ञापत्रे सादर केली. गृहखात्यास कलम आवश्यक वाटत होते. उलट आरोग्यखात्याच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने सांगितले, की पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत संसर्गाचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर सर्वसाधारण लोकांत ते १ टक्क्याहूनही कमी आहे. आणि कलमाच्या धाकाने हे लोक दडून राहत असल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते.

२ जुलै २००९ रोजी न्यायालयाने आरोग्यखात्याचे म्हणणे ग्राह्य धरले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने प्रौढांचे संमतीने होणारे खाजगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्याच महिन्यात एच.आय.व्ही.बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदाही अंमलात आला.

पोलिसांचे भय अशा रीतीने दूर झाले; लोकनिंदेचे झालेले नाही. दवाखान्यात नाव पुकारताना, घरी औषधाची बाटली ठेवताना रोगी आजही बिचकतो. ते भय घालविण्याचे काम डॉक्टर, परिचारिका आणि घरची माणसे यांच्याकडे आले आहे.