ओघवते वाचन

ओघवते वाचन म्हणजे मजकूर अचूक, योग्य गतीने आणि अर्थाला साजेशा आरोह-अवरोहांसह वाचण्याची क्षमता होय. अक्षरओळख आणि आकलन यांना जोडणारा हा दुवा मानला जातो.

आकलनाशी संबंध

लाबर्ज व सॅम्युअल्स यांच्या १९७४ मधील सिद्धान्तानुसार वाचकाचे अवधान मर्यादित असते. जोडाक्षरे किंवा रफार उलगडण्यातच ते खर्ची पडल्यास अर्थासाठी उरत नाही. ‘नदीकाठचे जुने वडाचे झाड पुरात वाहून गेले’ हे वाक्य अडखळत, शब्द तोडून वाचणाऱ्या मुलाला काय वाहून गेले, हे अनेकदा सांगता येत नाही.

अध्यापन

शिक्षकाचे आदर्श प्रकट वाचन, सहवाचन, जोडीने वाचन आणि त्याच उताऱ्याचे पुनर्वाचन या पद्धती प्रचलित आहेत. पुनर्वाचनात दर वेळी नवा प्रश्न दिल्यास सराव यांत्रिक होत नाही : प्रथम काय घडले, नंतर का घडले.

मूल्यमापन

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात इयत्ता तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचण्याचे उद्दिष्ट आहे. ‘अर्थासह’ ही अट महत्त्वाची होय. केवळ शब्द मोजल्यास मुले विरामचिन्हे ओलांडून घाईने वाचू लागतात; म्हणून वेगाच्या नोंदीबरोबरच वाचलेला आशय स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावणे आवश्यक ठरते.