आता राज्य आई-बाबांवर!

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत उंदीर आणि माणसं चक्क लपाछपी खेळली. मिशाएल ब्रेख्ट यांच्या गटाचा हा प्रयोग २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोली साधारण ३० चौरस मीटरची. उंदराला खोक्यात घालून झाकण लावलं, की राज्य त्याच्यावर. संशोधिका लपली, की दुरूनच झाकण उघडलं जाई आणि उंदीर तिला शोधायला निघे. खोकं उघडंच ठेवून ती शेजारी बसून राहिली, तर लपायची पाळी उंदराची. सहाही उंदीर शोधायला शिकले, पाच जण लपायलाही शिकले.

बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, फक्त गुदगुल्या. लपण्यासाठी उंदीर पारदर्शक खोक्यांपेक्षा आतलं न दिसणारी खोकी पसंत करत आणि लपल्यावर चिडीचूप बसत. सापडल्यावर काही वेळा तर ते हातातून निसटून दुसरीकडे जाऊन लपत. गुदगुल्या थोड्या उशिरा मिळाल्या तरी चालतील, पण खेळ संपू नये, असंच जणू त्यांचं म्हणणं होतं.

उंदरांना गुदगुल्या आवडतात, हे त्याआधीच याक पांकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने अमेरिकेत दाखवून दिलं होतं. वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र त्याने उंदरांपाशी लावलं, तेव्हा खेळताना ते सुमारे ५० किलोहर्ट्झचा चिवचिवाट करतात, हे कळलं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकत नाही, म्हणून हा आनंद आपल्या कानांवर कधी पडलाच नव्हता. मेंदूचं बाहेरचं आवरण काढून टाकलेली पिल्लंही खेळत राहतात, हेही त्याच्या प्रयोगांतून दिसलं. खेळण्याची ओढ विचार करणाऱ्या भागाच्या खाली, मेंदूच्या फार जुन्या थरांत रुजलेली आहे. म्हणूनच भीती, राग, माया यांच्याबरोबर पांकसेपने खेळालाही मूळ भावनांच्या यादीत जागा दिली.

मग मोठेपणी ही ओढ जाते कुठे? एक धागा पुन्हा बर्लिनमध्येच सापडतो. २०१६ च्या प्रयोगात उंदराला उंच चौथऱ्यावर, प्रखर उजेडात ठेवून गुदगुल्या केल्या, तर त्याचा चिवचिवाट ओसरला. हात तोच, गुदगुल्या त्याच, पण जीव धास्तावलेला होता. खेळायला मन निर्धास्त लागतं. कर्जाचे हप्ते, लोकलची गर्दी, घरी आल्यावरही न थांबणारे ऑफिसचे फोन, अशा दिवसात पहिली कात्री चालते ती खेळावर. आपल्यातलं पोरपण मेलेलं नसतं, ते दबलेलं असतं.

पण आई-बापांची गोष्ट थोडी वेगळी आहे. युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात चिंपांझींच्या एका समूहाचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. तिथल्या नोंदींवर आधारलेलं एक संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. चांगली फळं कमी झाली, की मोठे चिंपांझी आपसातलं खेळणं कमी करतात, आया मात्र पिल्लांशी खेळत राहतात. पायांवर झुलवणं, गुदगुल्या, पाठलाग, सगळं चालू असतं. टंचाईत चिंपांझींचे गट विखुरतात आणि पिल्लाला खेळगडी म्हणून बरेचदा आईच उरते. आजच्या त्रिकोणी कुटुंबातल्या एकुलत्या मुलाचीही स्थिती फारशी वेगळी नाही. शेजारची पोरं शिकवणीला आणि अंगणात पार्किंग, अशा वेळी आई-बाबा हेच त्याचे सवंगडी.

यात मोठ्यांचाही लाभ आहे. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ रेने प्रोयर प्रौढांच्या खेळकरपणावर अनेक वर्षं काम करत आहेत. त्यांच्या मते खेळकरपणा म्हणजे नुसती थट्टामस्करी नव्हे. इतरांशी हसत-खेळत वागणं, गोष्टी सहज घेणं, कल्पनांशी खेळणं आणि विक्षिप्त, अनोख्या गोष्टींत रमणं, अशी त्याची चार अंगं आहेत. दिवसातले खेळकर क्षण रात्री आठवून लिहिणं यासारखे साधे व्यायाम आठवडाभर केले, तरी लोकांचा खेळकरपणा वाढतो आणि मन थोडं प्रसन्न होतं, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं. म्हणजे हा गुण सरावाने वाढवता येतो.

लहानांशी खेळायचं कसं, हे प्राण्यांनाही ठाऊक आहे. थोराड कुत्रा पिल्लाशी खेळताना आपला जोर आवरतो, कधी आपणहून उताणा पडतो. बलवानाने हात आखडता घेतला, तरच खेळ टिकतो. आपल्या गल्लीतली मोठी पोरंही धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामील करून घेत, त्याला बाद करत नसत. पालकांनी एवढंच लक्षात ठेवावं. नियम मुलाला ठरवू द्या, शिकवण्याचा मोह टाळा, अधूनमधून मनापासून हरा. महागडी खेळणी लागत नाहीत, एक चादर आणि दोन उशा पुरतात.

आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि राज्य स्वतःवर घ्या. मुलांसाठी तर खेळाच, पण स्वतःसाठीही खेळा. खेळ ही मोठ्यांचीही गरज आहे.