गिअरबॉक्स बदलताना काय काय बदलतं?

मागच्या वेळी एका श्रोत्याने जाता जाता विचारलं होतं, "जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवायचा, म्हणजे बोल्ट सोडायचे आणि बोल्ट आवळायचे, एवढंच ना?" आज त्या 'एवढंच'बद्दल बोलू.

उदाहरण घेतलंय अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगचं, 1965-66 च्या व्ही-8 इंजिनाच्या गाडीचं. कारण ती कारखान्यातूनच दोन्ही प्रकारांत मिळायची. एक सी-4, म्हणजे तीन गतींचा ऑटोमॅटिक. दुसरा चार गिअरचा मॅन्युअल, ज्याला 'टॉपलोडर' म्हणतात. झाकण वरच्या बाजूला असतं आणि गिअर वरून आत घालतात, म्हणून हे नाव. म्हणजे या अदलाबदलीला लागणारा भाग नव्याने शोधून काढायला नको, तो फोर्डनेच केलेला आहे. तरीही लोक चुकतात. कुठे? बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्ये नाही, त्याच्या आजूबाजूला.

इंजिनाच्या मागच्या टोकापासून सुरुवात करू. ऑटोमॅटिकमध्ये क्रँकशाफ्टला एक पातळ तबकडी असते, फ्लेक्सप्लेट. तिला टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला, आणि तो तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देतो. मॅन्युअलमध्ये तिथे जड फ्लायव्हील लागतं, त्यावर क्लच दाबून बसतो. आता गंमत अशी की फोर्डचं हे 289 इंजिन 'बाहेरून संतुलित' आहे. क्रँकशाफ्टचा तोल सांभाळणारं थोडं वजन पुढच्या पुलीपाशी आणि थोडं मागच्या तबकडीवर मुद्दाम एका बाजूला ठेवलेलं असतं. या इंजिनासाठी ते 28 औंस-इंच. पण याच घराण्यातल्या 1980 च्या दशकातल्या इंजिनांसाठी 50. दोन्ही फ्लायव्हील दिसायला सारखी, बोल्टही बसतात! भंगारातून स्वस्तात उचललेलं 50 चं फ्लायव्हील जुन्या इंजिनाला लावलं, तर गाडी सुरू होईल, आणि वेग वाढला की सगळी गाडी थरथरायला लागेल. मग माणूस क्लचवर संशय घेतो, माउंटिंग बदलतो, आणि तोवर बेअरिंगं मार खात राहतात. म्हणून फ्लायव्हील विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, किमतीचा नंतर.

तिथेच क्रँकशाफ्टच्या मधोमध एक छोटं बुश लागतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात फिरतं. ऑटोमॅटिक गाडीत ते सहसा नसतं. सुपारीएवढी वस्तू, पण ती विसरलात तर गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवायचा!

आता चालकाच्या पायाशी या. ऑटोमॅटिक मस्टँगचा ब्रेक पेडल रुंद असतो, कारण क्लच नाहीच. नुसता एक पेडल वाढवून भागत नाही, डॅशबोर्डखालचा अख्खा पेडलचा सांगाडा बदलावा लागतो. मला विचाराल तर अख्ख्या कामातला सर्वांत वैतागवाणा भाग हाच, पाठीवर झोपून, डोक्यावर वायरी. पेडलपासून क्लचपर्यंत जोर नेणारा आडवा दांडा वेगळा बसवायचा. रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या काढून तोंडं बंद करायची. स्पीडोमीटरचं गिअर जुळवायचं. ही कामं पटकन होतात.

पण एक तार आहे, तिच्यापाशी थांबू. ऑटोमॅटिकमध्ये स्टार्टरचा प्रवाह एका स्विचमधून जातो. गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच सुरू होते. मॅन्युअल बसवल्यावर तो स्विच जातो, आणि दोन तारा एकमेकींना जोडून काम भागवलं जातं. ठीक आहे, पण याचा अर्थ ही गाडी आता गिअरमध्ये असतानाही किल्ली फिरवताच पुढे उडी मारेल. समोर कोणी उभं असेल तर? क्लचच्या पेडलला एक साधा स्विच लावा, खर्च किरकोळ आहे. आणि 'पार्क' गेला म्हणजे उतारावर गाडी धरून ठेवणारा खटकाही गेला. इतकी वर्षं न वापरलेला हँडब्रेक त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

प्रश्न: यामुळे गाडीची किंमत वाढते की कमी होते?

चालवायला मजा नक्की वाढते. पण या मस्टँगच्या चालकाच्या दारावर एक पट्टी असते, तिच्यावर गिअरबॉक्सचा आकडा छापलेला असतो. 6 म्हणजे सी-4, 5 म्हणजे चार गिअरचा मॅन्युअल. जाणकार गिऱ्हाईक आधी ती वाचतं. पट्टी बदलू नका, ती फसवणूक झाली. काढलेले सगळे भाग खोक्यात ठेवा, पत्रा शक्यतो कापू नका, आणि विकताना सरळ सांगा.

प्रश्न: माझा गुडघा आता क्लच दाबू देत नाही. उलटा बदल होईल का?

होईल, आणि त्यात लाज काहीच नाही. गाडी शेडमध्ये उभी राहण्यापेक्षा हे बरं. फक्त मघाशी सांगितलेलं ते बुश आधी काढा, नाहीतर कन्व्हर्टर नीट बसणार नाही. आणि सी-4 ला इंजिनाच्या इनटेककडून एक निर्वात नळी लागते, इंजिनावर किती भार आहे ते गिअरबॉक्सला तिच्यामुळे कळतं. ती जोडली नाही तर गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडतात, आणि लोक चांगला गिअरबॉक्स उगाच उघडून बसतात.